वाट्याला आलेले मांस

मराठवाड्यातील खेड्यांत मटण किलोवर विकत घेण्याची रीत तशी अलीकडची. त्यापूर्वी बोकड पडे तो वाट्यांसाठी. पाच-दहा घरे एकत्र येत, मुलाणी हलाल करी, आणि मग पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावले जात. प्रत्येक ढिगात थोडे मांस, थोडी कलेजी, थोडे हाड, थोडी चरबी. याला ‘वाटे घालणे’ म्हणतात. जालना, अंबड, परतूर या पट्ट्यात हा शब्द आजही वापरात आहे. वाटे काटेकोरपणे सारखे असतात, त्यावरून कधी तक्रार होत नाही. परंतु त्या ढिगांभोवती कोण बसते, कोणाला बोलावले जाते आणि कोणाचा वाटा मुळातच दुसरीकडे, गावकुसाबाहेर, दुसऱ्याच जनावरातून निघतो, हा प्रश्न विचारला की त्या समान ढिगांचे रूप बदलते.

आहाराविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा दोन भाषांत. एक भाषा धर्माची, दुसरी आरोग्याची. पहिलीत शाकाहार हे पुण्य आहे, दुसरीत तो पथ्य आहे. दोन्ही भाषा असे गृहीत धरतात की माणूस ताटापुढे बसून निवड करतो. इतिहास मात्र निवडीचा नसून वाट्याचा आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात जालना जिल्हा आणि त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून या वाट्याचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. महाराष्ट्र हा शाकाहारी समाज आहे अशी प्रतिमा पाठ्यपुस्तकांनी आणि पाककृतींच्या पुस्तकांनी रुजवली असली, तरी २०१४ च्या नमुना नोंदणी पद्धतीच्या पायाभूत सर्वेक्षणानुसार राज्यातील दर दहा प्रौढांपैकी सुमारे सहा जण मांसाहारी आहेत. जालना जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार १९,५९,०४६ लोक होते. त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के आणि मुसलमानांचेही जवळपास तेवढेच. मराठे, धनगर, वंजारी, बंजारा, खाटीक, कोळी हे सारे ‘खाणारे’. खेड्यात ‘मांसाहारी’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे ‘खाणारे’ आणि ‘माळकरी’ अशी विभागणी असते. या शब्दयोजनेत खाणे हीच सर्वसाधारण स्थिती आहे आणि न खाणे हा गळ्यात तुळशीची माळ घालून स्वीकारलेला नियम. शहरातल्या ‘व्हेज’ आणि ‘नॉनव्हेज’ने हे उलटे केले. तिथे न खाणे ही स्थिती झाली आणि खाणे हा तिच्यातला नकार.

पण ‘खाणारे’ या एका शब्दाखाली एक फार मोठी उतरंड दडलेली आहे.

गावगाड्यातील महाराच्या कामांत मेलेले जनावर ओढून नेणे हे काम होते. त्याच्या बदल्यात कातडे आणि मांस हा त्याचा हक्क. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गांव-गाडा’ (१९१५) मध्ये बलुत्याची ही सारी यंत्रणा तपशिलाने नोंदवली आहे. आत्र्यांची दृष्टी सरकारी अधिकाऱ्याची आहे आणि महारांच्या मागणीकडे ते त्रासलेल्या नजरेने पाहतात; तरीही नोंदीचे मोल कमी होत नाही. महारांच्या बावन्न हक्कांची परंपरा तर थेट बेदरच्या बादशहापर्यंत नेली जाते. अमृतनाक नावाच्या महाराने बादशहाची मोठी सेवा केली आणि बक्षीस म्हणून आपल्या जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले, अशी ती कथा. कथेचा ऐतिहासिक पुरावा शोधण्यात अर्थ नाही. लक्षात घेण्याजोगे हे की, ज्याला पुढे कलंक म्हटले गेले ते त्या कथेत सन्मानाने मिळवलेले वतन आहे. मेलेल्या जनावराचे मांस हा एकाच वेळी हक्कही होता आणि शिक्षाही. बावन्न हक्कांच्या यादीकडे पाहताना आपण सहसा यांपैकी एकच बाजू पाहतो.

हे मांस कसे खाल्ले जाई? जनावर एकाच वेळी मरते, पण भूक वर्षभर असते. म्हणून मांसाच्या लांब पट्ट्या कापून त्या दोरीवर उन्हात वाळवल्या जात. त्यांना चान्या म्हणत. वाळलेल्या चान्या मडक्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात, हाताला काम नसताना, विस्तवावर भाजून किंवा कालवणात टाकून खायच्या. जनावर बहुधा उन्हाळ्यात चारा-पाण्यावाचून मरे किंवा पावसाच्या तोंडाशी बुळकांडी, घटसर्प, फऱ्या अशा रोगांनी. म्हणजे गावातील शेतकऱ्याच्या घरी जे संकट, तेच महारवाड्यात काही दिवसांचे पोटभर अन्न. आणि त्या अन्नात रोगाचीही शक्यता. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक या दृष्टीने मराठीतील अपूर्व दस्तऐवज आहे. पाटोळे मूळचे धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातले. महार आणि मांग या दोन जातींच्या स्वयंपाकघरातील पदार्थ त्यांनी एकेक करून लिहिले: रक्ती, वजडी, मुंडी, चान्या, येसूर घातलेली कालवणे. त्या पाककृतींत तेल, तूप, दूध, खोबरे जवळजवळ नाही, हे वाचकाच्या लगेच लक्षात येते. जे नव्हते तेही पाककृती सांगतेच.

याच्या शेजारी मराठी पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा ठेवून पाहावी. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. त्यात मांसमच्छीचे पदार्थ आहेत, पण ते मुंबईच्या पाठारे प्रभू घरातले. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ती घराघरांत गेली आणि ‘मराठी जेवण’ म्हणजे काय हे तिने एका पिढीला शिकवले. या दोन्ही पुस्तकांच्या लेखिकांना दोष देण्याचे कारण नाही, त्यांनी आपापल्या घरचे लिहिले. प्रश्न असा की दुसऱ्या घरचे लिहायला २०१५ पर्यंत का थांबावे लागले? पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी दलितांच्या अन्नस्मृती गोळा करून ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ ही पुस्तिका २००९ मध्ये काढली, तिच्या शीर्षकातला प्रश्नही हाच होता. दरम्यान ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनांनी भूक साहित्यात आणलीच होती. आपण वर्गात ती शिकवतो तेव्हा भुकेवर बोलतो, विद्रोहावर बोलतो. पदार्थावर बोलायला मात्र अवघडतो. चान्यांचा उल्लेख आला की शिक्षक पान उलटतात. मीही उलटले आहे.

या अवघडलेपणाला एक आदरणीय इतिहास आहे आणि तोच या लेखाचा गाभा आहे.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली, तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्याइतक्याच ठामपणे आणखी एक गोष्ट सांगितली: मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा, उष्टे आणि शिळे मागून खाणे सोडा. महाराष्ट्रभर, आणि हळूहळू निजामाच्या मराठवाड्यातही, महारवाड्यांनी हा आदेश मानला. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी या विषयाची ऐतिहासिक मांडणी केली. समाजाने गोमांस सोडल्यानंतरही जे विखुरलेले गट मेलेल्या गाईचे मांस खात राहिले, ते अस्पृश्य ठरवले गेले, हा त्यांचा सिद्धान्त. तो सर्व इतिहासकारांनी मान्य केलेला नाही. पण अस्पृश्यतेचे मूळ वंशात किंवा व्यवसायात न शोधता ताटात शोधणारा हा विचार आजही चकित करतो.

आणि मग १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवसाचे. त्यात बाबासाहेबांनी एका जुन्या आक्षेपाची आठवण काढली. मेलेली जनावरे ओढणे सोडल्यामुळे महारांचे कातडे, मांस, हाडे, शिंगे मिळून वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते, असा हिशेब काही जण मांडत. त्यावर त्यांचे उत्तर, आशयाने सांगायचे तर, असे होते: एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर मी आणखी पाचशे देतो, आमचा प्रश्न फायद्याचा नसून इज्जतीचा आहे.

हे उत्तर निर्णायक होते आणि योग्यही होते. त्याविषयी माझ्या मनात संदेह नाही. मात्र त्या पाचशे रुपयांच्या हिशेबात एक रकाना कोणीच भरला नव्हता, ना आक्षेप घेणाऱ्यांनी, ना पुढे आलेल्या सरकारांनी: वर्षभरात ते मांस ज्या पोटांत जात होते, तिथे आता काय जाणार? समाजाने आपल्या इज्जतीसाठी स्वतःच्या ताटातले प्रथिन सोडले. दुसऱ्या कोणा समाजाने असा त्याग केला असता तर त्याला व्रत म्हटले गेले असते. इथे त्याच्या बदल्यात आले काय? अनेक गावांत बहिष्कार आला, बलुते बंद झाले. दूध आले नाही, डाळ आली नाही. भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता, तोच राहिला. विकतचे मटण कधी सणाला, पोळ्याच्या करीला किंवा धुळवडीला.

येथे थोडे विषयांतर करून संतचरित्राकडे वळतो. अंबड-घनसावंगीच्या लोकांना पैठण दूर नाही. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न महारांना जेवू घातले आणि ब्राह्मण रुसले, ही महिपतीने १८ व्या शतकात सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याचीच जोडकथा म्हणजे नाथ राण्या महाराच्या घरी जेवले ती. पहिल्या कथेत अन्न वरून खाली जाते, म्हणून ती कृपेची कथा आहे. दुसऱ्या कथेत ते खालून वर येणार, आणि तिथे कथाकाराची तारांबळ उडते. राण्या आणि त्याची बायको आधी परम सात्त्विक, शुचिर्भूत असल्याचे सांगावे लागते. एका पाठानुसार तर तिथे जेवले ते नाथ नव्हेतच, नाथांच्या रूपातला विठ्ठल. त्या घरात जेवण्याआधी ते घर धुऊन घ्यावे लागले. वारकरी पंथाने माळेच्या रूपाने सर्व जातींना खुला असा एक सन्मानाचा मार्ग दिला हे खरे, आणि मराठवाड्यातील असंख्य कष्टकऱ्यांनी तो श्रद्धेने स्वीकारला हेही खरे. पण त्या मार्गाची अट ताटातूनच जाते.

मांसाचा दुसरा वाटा निजामी मुलखाने दिला. जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. इथल्या खेड्यात पिराची कंदुरी ही हिंदूंनाही परकी नाही. नवस फिटला की बोकड कापायचा, मुलाण्याने हलाल करायचा, गावाला जेवू घालायचे, माळकऱ्यांसाठी वेगळा वरणभात. पंगती मात्र जातीच्या क्रमाने. शहरांत जवळच्या औरंगाबादचा, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, नान-खलिया. त्याचे नाते लोक तुघलकाच्या फौजेशी जोडतात. मोठ्या देगेत शिजणारा हा पदार्थ लग्नातल्या गर्दीचा, फौजेच्या मापाचा. जालन्यात पुढे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि छावणीमागे खाटिकखाना आलाच. जिल्ह्याच्या उत्तरेस असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांशी जी लढाई जिंकली, तिच्या मागेही बैलांचे तांडे होते: काही ओझ्याचे, काही गोऱ्या शिपायांच्या ताटाचे.

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये याच गोऱ्या शिपायांच्या ताटावर बोट ठेवले आहे. शेतीला बैल उरत नाहीत, म्हणून सरकारने इथली गुरे कापणे थांबवावे किंवा शिपायांना शेळ्यामेंढ्यांचे मांस द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. आज गोरक्षणाच्या वादात दोन्ही बाजूंना फुले सोयीचे वाटत नाहीत, ते यामुळे. त्यांचा युक्तिवाद धर्माचा नव्हता, नांगराचा होता. शेतकऱ्याच्या ताटात काय आहे, हे विचारूनच ते जनावराच्या प्रश्नाकडे येतात.

दुष्काळात या सर्व सीमारेषा पुसल्या जातात. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात दख्खनमध्ये कुत्र्याचे मांस बकऱ्याचे म्हणून विकले गेले आणि हाडांची भुकटी पिठात मिसळली गेली, असे शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो. १९७२ च्या दुष्काळात राज्य बदललेले होते. लोक दगड फोडत होते, रस्ते बांधत होते, आणि त्यांना मिळत होती सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो. जनावराचा दुष्काळातला खाद्य इतिहास गुराच्या भुकेने मोजला जातो, माणसाचा धान्याने. प्रथिनाचा हिशेब तेव्हाही नव्हता. उपासमारीने मरू द्यायचे नाही एवढे त्या वेळी साधले, आणि ते लहान काम नव्हते.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत जालन्याच्या शेतात ज्वारी-बाजरीच्या जागी कपाशी, सोयाबीन आणि मोसंबी आली, रेशनवर गहू आणि तांदूळ आले. सोयाबीन हे प्रथिनांनी गच्च भरलेले पीक. ते ट्रकमध्ये भरून तेलगिरणीला जाते आणि पेंड कोंबड्यांना. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले. ज्वारीला ‘श्रीअन्न’ हे नाव मिळाले आणि शहरातल्या आहारतज्ज्ञांनी भाकरी खाण्याचा सल्ला दिला. ज्यांच्या आज्यांना भाकरीवरून हिणवले गेले ते आता रेशनच्या गव्हाच्या पोळ्या खातात. ऊसतोडीला जाणाऱ्या घनसावंगी-मंठ्याच्या मजुराला ‘संतुलित आहार’ सांगणारा तक्ता आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असतो, पण कोयता चालतो तो फड पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात.

मांसाच्या बाजारातही दोन वाटा झाल्या. ब्रॉयलर कोंबडीने चिकन सामान्यांच्या आवाक्यात आणले. दुसरीकडे मटणाचा भाव गेल्या काही वर्षांत किलोला सातशे-आठशे रुपयांच्या घरात गेला. गरीब मुसलमान आणि दलित घरांना परवडणारे मांस होते ते ‘बड्याचे’, मटणाच्या निम्म्याहून कमी भावाचे. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. १९९५ ची दुरुस्ती २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने अमलात आली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरील बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीच्या मांसाला दाखल्यानिशी परवानगी उरली. ही घडामोड झाली त्याच वर्षी मराठवाडा पुन्हा दुष्काळात होता. भाकड बैल विकता न येणारा शेतकरी आणि स्वस्त मांस न मिळणारा मजूर, दोघांचे नुकसान एकाच कायद्याने झाले. पण त्यांना एकमेकांशी बोलायला जागा नव्हती, कारण चर्चा श्रद्धेवर चालली होती.

घराच्या आतही एक वाटप असते. तुकडे पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या ताटात जातात, बायका रस्सा ओरपतात. हे सवर्ण घरात होते, दलित घरात होते, मुसलमान घरातही होते. या एका बाबतीत जातींमध्ये मतभेद नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुरटलेली होती आणि ३६.१ टक्के कमी वजनाची. ही आकडेवारी वाचून मांस हाच उपाय असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दूध, डाळी, पालेभाज्या, स्वच्छ पाणी, बाईला पुरेशी विश्रांती हे सारे त्यात येते. मात्र ज्या घराला दूध आणि डाळ दोन्ही परवडत नाही, त्या घराला अंडे किंवा सुकट ‘तामसी’ म्हणून नाकारणे हा आरोग्याचा सल्ला नव्हे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. जी मुले खात नाहीत त्यांना केळे किंवा स्थानिक फळ. लगेच विरोधही झाला. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबवण्यात आला आणि हवे असल्यास शाळांनी लोकसहभागातून त्याची सोय करावी असे ठरले.

लोकसहभाग म्हणजे पुन्हा वाटे घालणे. जिथे गाव सधन आणि मुख्याध्यापक उत्साही, तिथे अंडे येईल. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत आता प्रामुख्याने मजुरांचीच मुले उरली आहेत, कारण बाकीची इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसने जालन्याला जातात, तिथे वर्गणी कोणाकडून काढायची? गेल्या वर्षी अशाच एका शाळेतल्या शिक्षकमित्राशी बोलत होतो. अंडी मिळत होती त्या काळात आठवड्यातल्या त्या एका दिवशी हजेरी हमखास जास्त असे, असे तो म्हणाला. काही मुले अर्धे अंडे डब्यात ठेवत. घरी धाकटे भावंड असते.